नागपुरात बसून समुद्री कासवांचा डीएनए: कोणता मार्कर, आणि कशासाठी?

नागपुरातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिच्याच शब्दांत, थोडा आवरून देते: “मार्चमध्ये वेळासला कासव महोत्सवाला गेले होते. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहिली आणि पीएच.डी. यावरच करायची असे ठरवले. कोकणातल्या ऑलिव्ह रिडले कासवांची जनुकीय रचना अभ्यासायची आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घेऊ, मायक्रोसॅटेलाइट घेऊ की थेट एसएनपी? आमचे सर म्हणतात, ओडिशात हा अभ्यास झाला आणि फरक काहीच निघाला नाही, मग कोकणात काय निघणार? शिवाय समुद्रापासून इतक्या लांब बसून केलेल्या कामाचा कासवांना खरेच उपयोग होतो का?”

वन्यप्राण्यांच्या डीएनएवर काम करायला लागून मला एकोणीस वर्षे झाली. सुरुवात विदर्भातल्या वाघांच्या विष्ठेच्या नमुन्यांपासून झाली, मधले काही हंगाम समुद्री कासवांचे नमुने हाताळले. दोन्हीकडे एक चूक मी सारखी पाहत आले: आधी तंत्र ठरते आणि मग त्या तंत्राला साजेसा प्रश्न शोधला जातो. म्हणून ‘कोणता मार्कर, म्हणजे डीएनएमधली कोणती ओळखखूण, घेऊ’ या प्रश्नावर माझा पहिला प्रश्न असा की, तुमचे उत्तर हातात आल्यावर कोण काय वेगळे करणार आहे? वेळासचा कासवमित्र? गस्तीची आखणी करणारा वनअधिकारी? ट्रॉलरच्या जाळ्यांचे नियम ठरवणारे मत्स्य खाते? तो माणूस नक्की झाला की मार्कर ठरायला वेळ लागत नाही. तुमच्या सरांचा आक्षेपही इथेच येऊन टेकतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. त्याकडे येतेच, पण त्याआधी कोणता मार्कर काय सांगू शकतो आणि काय नाही, एवढे पक्के करून घेऊ.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक; त्यांचा डीएनए फक्त आईकडून येतो. आजीच्या पाटल्या आईकडे, आईच्या मुलीकडे, तसा. फरक एवढाच की इथे मुलालाही पाटल्या मिळतात, पण तो त्या पुढे कुणाला देऊ शकत नाही. त्यामुळे या डीएनएवरून मादीची वंशरेषा कळते, आणि समुद्री कासवांमध्ये मोठेपणी किनाऱ्यावर येते ती जवळजवळ फक्त मादीच. म्हणून ‘या किनाऱ्यावरच्या माद्या कुठल्या’ या प्रश्नाला हा मार्कर अगदी चपखल बसतो.

त्याचा सर्वांत सुंदर उपयोग १९९० मध्ये झाला. माद्या जिथे जन्मल्या त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परततात ही कल्पना कासवांचे अभ्यासक आर्ची कार यांनी कित्येक वर्षे आधी मांडली होती. पण सिद्ध कसे करणार? तळहातावर मावणाऱ्या पिल्लाला टॅग लावून ते प्रौढ होईपर्यंत वीस-तीस वर्षे वाट पाहायची, आणि हजारातले एखादेच वाचणार. शिवाय समोर दुसरी शक्यताही होती: तरुण मादी चरण्याच्या जागी भेटलेल्या अनुभवी माद्यांच्या मागोमाग जाते, तो किनारा तिला मानवतो आणि ती पुढे तिथेच येत राहते. अ‍ॅन मेलन, ब्रायन बोवेन आणि जॉन अ‍ॅव्हाइस यांनी अटलांटिक आणि कॅरिबियनमधल्या हिरव्या कासवांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला. माद्या एकमेकींच्या मागे जात असत्या तर चरण्याच्या जागा सामाईक असलेल्या किनाऱ्यांवर वंशरेषा मिसळलेल्या दिसल्या असत्या. त्या तशा दिसल्या नाहीत, किनाऱ्या-किनाऱ्यांत ठळक फरक निघाला. जन्मकिनाऱ्यावर परतण्याच्या बाजूने तो भक्कम पुरावा ठरला. एकाही कासवाची वीस वर्षे वाट न पाहता! हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी तुमच्याच वयाची होते, आणि या क्षेत्रात आले ती त्यामुळेच.

दुसरे उदाहरण १९९५ चे. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाजवळ लॉगरहेड जातीची हजारो अर्धवट वाढलेली कासवे दिसत, पण पूर्व पॅसिफिकच्या किनाऱ्यावर त्यांची वीण कुठेच नव्हती. मग ती आली कुठून? डीएनएने उत्तर दिले: जवळजवळ सगळी जपानमध्ये जन्मलेली. म्हणजे जपानच्या किनाऱ्यावर रात्री जागून सांभाळलेली पिल्ले अख्खा पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोच्या कोळ्यांच्या जाळ्यात मरत होती. हे कळल्यावर संवर्धनाची चर्चा एका देशापुरती राहूच शकली नाही.

आता याच मार्करची मर्यादा. त्यात बाप दिसत नाही. माद्या आपापल्या किनाऱ्याला धरून असतील, पण नर वाटेत भेटणाऱ्या कोणत्याही किनाऱ्याच्या मादीशी जुळत असतील, तर मायटोकॉन्ड्रिया सांगेल ‘वेगळे’ आणि पेशीकेंद्रातला डीएनए सांगेल ‘मिसळलेले’. दोन्ही खरे असते. हिरव्या कासवांत असे खरोखर आढळले आहे. म्हणून दुसरा मार्कर लागतो.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे पेशीकेंद्रातल्या डीएनएमध्ये दोन-चार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येणारी जागा. किती वेळा आला हे प्राण्याप्राण्यांत बदलते, आणि एक प्रत आईची, एक बापाची असते. दहा-बारा अशा जागा घेतल्या की प्रत्येक कासवाचा ठसा तयार होतो. समुद्री कासवांच्या बाबतीत एक सोय आहे: या जागांच्या आजूबाजूचे क्रम कासवांच्या उत्क्रांतीत इतके कमी बदलले आहेत की एका जातीसाठी बनवलेले प्रायमर (ती जागा शोधून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बहुतेक वेळा दुसऱ्या जातीतही चालतात. म्हणजे तुम्हाला शून्यातून सुरुवात करायची नाही. ऑलिव्ह रिडलेवर या मार्करने झालेला कोस्टा रिकाचा अभ्यास मला फार आवडतो. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो माद्या एकाच वेळी येतात त्या किनाऱ्यावर ९२ टक्के घरट्यांत एकाहून अधिक बाप निघाले, आणि माद्या एकेकट्या येतात त्या किनाऱ्यावर फक्त ३० टक्के घरट्यांत. जात एक, देश एक, आणि किनाऱ्यावरच्या गर्दीने जुळण्याचे गणित बदलून टाकलेले. आपल्याकडे ओडिशात सामूहिक वीण आणि कोकणात एकेकट्या माद्या आहेत, तेव्हा ही तुलना तुमच्या डोक्यात आपसूक आली असेल.

एसएनपी म्हणजे डीएनएमधला एका अक्षराचा फरक. शेकडो जागा एकदम वाचता येतात, तुकडे लहान असल्यामुळे खराब नमुन्यांतही जमते, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल सरळ शेजारी ठेवता येतात. मायक्रोसॅटेलाइटचे तसे नसते. माझ्या यंत्रावर १८२ आलेली लांबी तुमच्या यंत्रावर १८४ येऊ शकते, आणि मग दोघांनी तेच नमुने पुन्हा चालवून मोजमाप जुळवावे लागते. पण एसएनपीचा संच आधी बसवावा लागतो. त्याला पैसा, संगणकावरचे काम आणि हाताशी कुणी जाणते माणूस लागते. यातले तुमच्याकडे काय आहे त्यावर निर्णय अवलंबून आहे, त्यामुळे इथे मी ठाम काही सांगणार नाही.

अजून एक गोष्ट, कारण पुढेमागे कोणीतरी विचारेलच: डीएनएवरून पिल्लू नर की मादी ते सांगता येणार नाही. समुद्री कासवांना लिंग-गुणसूत्रेच नसतात. वाळूच्या तापमानावर ते ठरते, साधारण २९ अंशांच्या आसपास पारडे फिरते, आणि जास्त ऊब म्हणजे जास्त माद्या.

आता तुमच्या सरांच्या आक्षेपाकडे.

त्यांना अभिप्रेत असलेला अभ्यास २००४ चा असावा. कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला. ओडिशाचे सामूहिक विणीचे किनारे आणि एकेकट्या माद्यांचे किनारे, दोन्हींत जनुकीय फरक आढळला नाही. पण त्याच अभ्यासात दुसरे काहीतरी निघाले आणि ते सांगायला लोक विसरतात: आपल्या पूर्व किनाऱ्यावर या जातीची एक फार जुनी वंशरेषा आहे, आणि जगातल्या इतर महासागरांत आज जी ऑलिव्ह रिडले दिसतात त्यांचा उगम हिंदी महासागराकडचा असण्याची शक्यता त्यावरून पुढे आली. तेव्हा ‘काही निघाले नाही’ हे मुळातच बरोबर नाही.

तरी फरक न दिसण्याचा मुद्दा उरतोच. तो समजायला कळमन्याच्या बाजारात चला. मिरचीच्या हंगामात तिथे भिवापुरी मिरची येते, आंध्राकडची येते, आणखी कुठली कुठली येते. एखाद्याने चार गावांची मिरची एका ढिगात मिसळली, तरी प्रत्येक गावात कोणते वाण किती प्रमाणात पिकते हे आधी माहीत असेल तर ढीग निवडून अंदाज करता येतो की यात अमक्या गावचा वाटा इतका. चरण्याच्या जागी किंवा जाळ्यात सापडलेल्या कासवांचे मूळ आम्ही नेमके असेच काढतो. त्यासाठी आधी प्रत्येक विणीच्या किनाऱ्याचे ‘वाणांचे प्रमाण’ माहीत असावे लागते. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या हिरव्या कासवांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले काम या पद्धतीचेच. एकाच जागी चरणाऱ्या कासवांपैकी कोणती उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर जन्मलेली आणि कोणती दक्षिणेकडची, हे डीएनएने वेगळे केले. नर-मादी रक्तातल्या हार्मोन्सवरून ठरवले. उत्तरेकडच्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. डीएनए नसता तर दक्षिणेकडची कासवे त्याच आकड्यात मिसळून गेली असती आणि तापत्या वाळूच्या धोक्याची तीव्रता झाकली गेली असती.

आता मिरचीऐवजी संत्री घ्या. काटोलची, नरखेडची, वरुडची. सगळीकडे तोच नागपुरी संत्रा, डोळे भरून लावलेली कलमे. फळ तपासून बाग ओळखता येणार नाही. पण म्हणून काटोलची बाग आणि वरुडची बाग एकच का? काटोलला गारपीट झाली तर वरुडच्या बागेने काटोलच्या शेतकऱ्याची फळे भरून निघत नाहीत. ‘जनुकीय फरक नाही’ याचा अर्थ मी एवढाच लावते: ओळखू येण्याइतका फरक साचलेला नाही.

फरक साचू न द्यायला फार थोडी देवाणघेवाण पुरते. एका पिढीत मोजक्याच माद्या चुकून दुसऱ्या किनाऱ्यावर गेल्या तरी दोन्हीकडची प्रमाणे शतकानुशतके सारखी राहू शकतात. पण उद्या एक किनारा रिकामा झाला तर त्याच मोजक्या माद्या तो भरून काढू शकतील का? कासवाची एक पिढी म्हणजे वीसेक वर्षे. जनुकांच्या हिशोबात ज्याला आपण ‘जोडलेले’ म्हणतो ते माणसाच्या, गावाच्या, शासनाच्या हिशोबात तुटलेलेच असू शकते. बर्म्युडाचे उदाहरण घ्या. तिथे लहान कासवे मारायला बंदी करणारा कायदा १६२० मध्येच झाला, तरी हिरव्या कासवांची वीण नष्ट झाली ती झालीच. बर्म्युडाच्या पाण्यात आजही इतर किनाऱ्यांवर जन्मलेली हिरवी कासवे चरतात. मोठी झाली की निघून जातात. समोर वाळू आहे, समुद्र तोच आहे, आणि विणीची वसाहत परत उभी राहिलेली नाही.

रिडले कासवे किनाऱ्याशी हिरव्या कासवांइतकी एकनिष्ठ नसतात हे मला मान्य आहे, आणि ते प्रामाणिकपणे लिहायलाच हवे. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी, क्रमांक ०३२३३, जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. ही बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही. उलट दिशेचा धागा आधीच होता: २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह ट्रान्समीटर लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. त्यामुळे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांत मायटोकॉन्ड्रियाचा फरक तुम्हाला सापडेलच असे मी म्हणणार नाही. पण एक मादी आली म्हणजे रस्ता आहे एवढेच कळते. त्या रस्त्याने वर्षाला एक येते की शंभर, यावर कोकणच्या किनाऱ्यांचे भवितव्य अवलंबून आहे, आणि जुन्या पद्धतीचा ‘फरक आहे की नाही’ हा प्रश्न ते सांगू शकत नाही.

इथवरचे एका दमात सांगायचे तर: आईची वंशरेषा हवी तर मायटोकॉन्ड्रिया, बाप आणि एकेक प्राणी ओळखायचा तर पेशीकेंद्रातले मार्कर, आणि फरक न दिसणे म्हणजे दोन किनारे एकमेकांची भरपाई करतील असे नव्हे.

मग तुम्ही काय करावे? मी तुमच्या जागी असते तर ‘कोकणची कासवे ओडिशाहून वेगळी आहेत का’ हा प्रश्न दुय्यम ठेवला असता आणि मुख्य प्रश्न असा घेतला असता: कोकणात दर हंगामात माद्या किती येतात?

आपण घरटी मोजतो. वेळास, आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, तिकडे सिंधुदुर्गात वायंगणी. प्रत्येक ठिकाणी कासवमित्र पहाटे फिरतात, पावलांच्या खुणांवरून घरटे शोधतात, अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या उबवण-जागेत, हलवतात. वेळासला हे काम सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये सुरू केले तेव्हापासूनच्या नोंदी आहेत. पण एक मादी एका हंगामात एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालू शकते. शंभर घरटी म्हणजे शंभर माद्या, की पन्नास? आणि यंदा घरटी वाढली म्हणजे माद्या वाढल्या, की त्याच माद्यांनी एक खेप जास्त घातली, की गस्त चांगली झाली म्हणून जास्त घरटी सापडली? हा फरक कळल्याशिवाय ‘संवर्धन यशस्वी’ असे कुणी म्हणू नये असे मला वाटते.

अमेरिकेत जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलिना राज्यांत लॉगरहेड कासवांसाठी हे काम अनेक वर्षे चालू आहे. प्रत्येक घरट्यातून नुकते घातलेले एक अंडे घेतात, त्याच्या टरफलावर राहिलेल्या आईच्या पेशींतून तिचा ठसा काढतात. मादीला हात लावायचा नाही, रात्री तिची वाट पाहायची नाही. एकच मादी त्या हंगामात कोणकोणत्या बेटांवर गेली आणि किती वर्षांनी परत आली, सगळे त्या टरफलांवरून जुळते.

ओडिशात लाखाच्या घरात माद्या येतात, तिथे हे करणे शक्यच नाही. कोकणात शक्य आहे, कारण इथे घरटी मोजकी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक घरट्यापाशी माणूस पोहोचतो. कोकणाचा छोटेपणा ही इथे अडचण नाही, तीच तुमची जमेची बाजू आहे. तुमच्या कामातून कळले की अमुक मादी एका खेपेला वेळासला आणि दुसऱ्या खेपेला आंजर्ल्याला येते, तर गस्तीचा आणि हॅचरीचा आराखडा गावागावांचा न राहता पट्ट्याचा होईल. ‘उत्तर मिळाल्यावर कोण काय वेगळे करणार’ याचे हे सरळ उत्तर आहे.

यात अडचणी आहेत. प्रत्येक घरट्यातले एक चांगले अंडे घेण्याची परवानगी मिळेलच असे नाही, आणि गावकऱ्यांनाही ते पटायला हवे. ज्या माणसाने पंधरा वर्षे एकेक अंडे जपले त्याच्यासमोर जाऊन ‘एक द्या’ म्हणणे सोपे नसते. अशा वेळी हलवताना फुटलेली अंडी, न उबलेली अंडी आणि घरट्यात मेलेली पिल्ले यांवर काम होऊ शकते. पिल्लाच्या मायटोकॉन्ड्रियावरून आईची वंशरेषा लगेच मिळते. आईचा पूर्ण ठसा मात्र एका पिल्लावरून मिळत नाही, कारण त्यात अर्धा वाटा बापाचा. त्यासाठी एका घरट्यातली बरीच पिल्ले लागतात, आणि बाप एकाहून अधिक असतील तर आणखी. पण हीच किचकट बाब तुम्हाला बापांची संख्याही देऊन जाते. मग कोस्टा रिकाच्या आकड्यांशेजारी कोकणचा आकडा ठेवता येईल.

नमुन्यांबद्दल एक सावधगिरी. तुलनेसाठी वेगवेगळ्या माद्या हव्यात. तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेली दोन घरटी एकाच मादीची असू शकतात, आणि ती दोन मोजलीत तर प्रमाणे बिघडतात. आधी ठशांवरून पुनरावृत्ती काढून टाका, मग प्रमाणे मोजा. एका किनाऱ्यावरून किमान तीस वेगळ्या माद्या मिळाल्याशिवाय मी प्रमाणांवर बोलत नाही. कोकणातल्या एकेका गावात एका हंगामात तेवढ्या मिळणे कठीण, म्हणून दोन-तीन हंगाम धरा किंवा जवळचे किनारे एकत्र करा आणि तसे स्पष्ट लिहा.

मायटोकॉन्ड्रियाचा सुमारे ८०० अक्षरांचा नियंत्रक भाग वाचा. सुरुवातीच्या अभ्यासांत यातला साधारण निम्माच भाग वाचला जायचा, आणि त्यात सारख्या दिसलेल्या वंशरेषा लांब तुकड्यात कधी कधी वेगळ्या निघतात. जुन्या आकड्यांशी तुलना करताना तुमचा क्रम तेवढ्यापुरता कापून घ्यावा लागेल, हे विसरू नका.

आता नागपूर. तुम्हाला समुद्र लांब वाटतो, पण कोकणातल्या कासवाच्या नमुन्याची परवानगी नागपुरातूनच निघते. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. सगळी समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे मेलेल्या पिल्लाचा तुकडा किंवा टरफलही परवानगीशिवाय उचलता येत नाही. किनाऱ्यावर फिरायला गेलात आणि सहज उचलून आणले, असे कधीही करू नका, मित्रमैत्रिणींनाही करू देऊ नका. नमुने परदेशी पाठवायचे झाले तर सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या परिशिष्ट १ ची वेगळी परवानगी लागते. म्हणून वाचन देशातच होईल अशी आखणी करा. डीएनए काढणे आणि पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवणे) नागपुरात सहज होते, क्रम वाचून आणायला बाहेर पाठवता येतात.

नागपूरची खरी अडचण उन्हाळा आहे. कोकणातला हंगाम संपतो तेव्हा आपल्याकडे पारा चढायला लागलेला असतो. एका वर्षी माझे साठ नमुने मे महिन्यात एका गोदामात शनिवार-रविवार अडकले. बाहेर ४५ अंश, पत्र्याचे छप्पर. डबा हातात आला तेव्हा नळ्यांतला अल्कोहोल बराच उडालेला होता. मायटोकॉन्ड्रियाचे निकाल त्यातल्या बहुतेकांचे आले, कारण एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात आणि काही तरी टिकतात. मायक्रोसॅटेलाइटमध्ये मात्र फसगत झाली. पेशीकेंद्रातल्या प्रती दोनच; त्यातली एक तुटली की यंत्राला एकच दिसते आणि कासवाला आईबापांकडून सारखीच प्रत मिळाली असे वाटते. निकाल चुकीचा असतो आणि दिसतो अगदी स्वच्छ. प्रत्येक नमुना तीनदा चालवल्यावर हे लक्षात आले, आणि चाळीस नमुने मला बाजूला ठेवावे लागले. तेव्हापासून मी ऊतक मिठाने संपृक्त केलेल्या डीएमएसओ या रसायनाच्या द्रावणात ठेवते, ते साध्या तापमानालाही टिकते. नमुन्याचे दोन भाग करते, एक कोकणातच कुणाकडे तरी ठेवते, आणि नळीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी घालते. मार्कर पेनाची शाई अल्कोहोलने पुसली जाते, पेन्सिल राहते.

कोकणची परवानगी लांबली तर हात बांधून बसू नका. गोदावरीच्या खोऱ्यात लीथचे मऊ कवचाचे कासव आहे, फक्त दख्खनच्या नद्यांत सापडणारे आणि अतिसंकटग्रस्त. २०२२ मध्ये भारताच्या प्रस्तावावरून ते सायटीसच्या परिशिष्ट १ मध्ये गेले. तुम्ही शिकलेली सगळी तंत्रे त्याला जशीच्या तशी लागू पडतात. परवानगी त्यालाही लागेल, पण नदी हाकेच्या अंतरावर आहे.

कोकणात घरटी नोव्हेंबरपासून सापडू लागतात. कागदपत्रे हलायला महिने लागतात, म्हणजे अर्ज पावसाळ्याच्या सुरुवातीला वनभवनात पोहोचायला हवा. अर्जात संशोधनाचा उद्देश लिहायला जागा असते. तिथे ‘जनुकीय विविधतेचा अभ्यास’ असे मोघम लिहू नका. ‘अमुक किनाऱ्यांवर एका हंगामात वेगवेगळ्या किती माद्या येतात हे टरफले आणि मृत पिल्लांवरून ठरवणे’ असे लिहा, आणि अर्ज देण्याआधी एकदा वेळासला जाऊन कासवमित्रांना तो मराठीत वाचून दाखवा. त्यांनी त्यात काय दुरुस्त करायला सांगितले ते मलाही कळवा.